विटा फोडणारी काजळी

लोखंड गाळणाऱ्या झोतभट्टीला आतून ज्या विटा लावतात त्या हजार-दीड हजार अंशांची धग सोसतात. आणि फुटतात कुठे? भट्टीच्या वरच्या, त्या मानाने थंड भागात, जिथे तापमान जेमतेम चारशे ते सहाशे अंश सेल्सिअस असतं. कारखानदारांची ही डोकेदुखी जुनी. फुटलेली वीट हातात घेतली की आत काळी भुकटी सापडायची आणि तिच्या मध्यावर लोखंडाचा एक डाग. विटेच्या मातीत मुळातच लोहाचे अंश राहून गेलेले असत. भट्टीतून वर चढणारा कार्बन मोनॉक्साइड विटेच्या छिद्रांतून आत झिरपायचा आणि त्या डागावर येऊन त्याचं विघटन व्हायचं. निम्मा कार्बन तिथेच बसायचा, उरलेला कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जायचा. साठणाऱ्या कार्बनला जागा पुरेनाशी झाली की वीट तडकायची.

ईशान्य इंग्लंडमधले बडे लोखंड कारखानदार आणि रसायनज्ञ आयझॅक लोथियन बेल यांनी १८७२ साली लोखंड गाळण्याच्या रसायनशास्त्रावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. लोहावर असा कार्बन बसतो हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते त्या कार्बनचं रूप. साध्या सूक्ष्मदर्शकातून ती नुसती काजळी दिसे, आणि काजळीत बघण्यासारखं काय असतं असंच कुणालाही वाटलं असतं.

तिच्यात बघण्यासारखं काही आहे हे कळायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. स्टोक-ऑन-ट्रेंट हे चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं इंग्रजी शहर. तिथल्या ब्रिटिश सिरॅमिक रिसर्च असोसिएशनमध्ये डेव्हिस, स्लॉसन आणि रिग्बी हे तिघे याच फुटक्या विटांवर काम करत होते. १९५३ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये एक टिपण छापलं. काजळीत त्यांना अळ्यांसारखे वळवळीत धागे दिसले होते. जाडी एका मायक्रॉनच्या शंभराव्या भागापासून पाचव्या भागापर्यंत, म्हणजे आजच्या भाषेत १० ते २०० नॅनोमीटर. धाग्याच्या वाढत्या टोकाशी एक कण बसलेला असतो, तो लोखंडाचा किंवा लोह कार्बाइडचा असावा आणि धागा वाढवण्याचं काम तोच करत असावा, असा त्यांचा तर्क होता.

‘लोखंडाचा किंवा लोह कार्बाइडचा’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. त्या ‘किंवा’चा निकाल लागायला पुढे पंचावन्न वर्षं गेली, आणि लागला तोही पुरता नाही.

कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा, म्हणजे नॅनोट्यूबांचा, इतिहास सांगताना बहुतेक जण १९९१ पासून सुरुवात करतात. ते सोयीचं आहे, पण खरं नाही. निदान ‘नळी सुरू कशी होते’ या प्रश्नापुरतं तर मुळीच नाही. तो प्रश्न आधी पडला तो ज्यांना ही नळी नकोच होती त्यांना. विटा वाचवणारे, अणुभट्टी सांभाळणारे, खत कारखान्यात उत्प्रेरक पुरवणारे असे ते लोक. त्यांना या धाग्यांचं कौतुक नव्हतं, ते थांबवायचे होते. आणि एखादी गोष्ट थांबवायची तर ती कुठून सुरू होते हे शोधावंच लागतं.

याला एक अपवाद आहे, तोही एडिसनच्या काळातला. १८८९ मध्ये ह्यूज आणि चेंबर्स यांना अमेरिकेत एक पेटंट मिळालं. हायड्रोजन आणि मिथेनयुक्त वायू लोखंडी मुशीत तापवून कार्बनचे केसासारखे तंतू काढायची ही कृती होती. हेतू उघड होता, विजेच्या दिव्यांना तंतू हवे होते. मूस लोखंडाचीच होती, म्हणजे उत्प्रेरक आपोआप हाताशी आला होता. त्या केसांच्या गाभ्यात नॅनोमीटरच्या मापाची नळी होती की नाही हे आज सांगता येत नाही, कारण ते पाहण्याचं साधनच तेव्हा नव्हतं.

पोकळ नळी सर्वप्रथम स्वच्छ दिसली ती मॉस्कोत. राडुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी १९५२ मध्ये सुमारे सहाशे अंशांवर लोखंडावरून कार्बन मोनॉक्साइड सोडला आणि मिळालेली काजळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. छायाचित्रांत पन्नास नॅनोमीटरच्या आसपास जाडीच्या, आतून पोकळ कार्बनच्या नळ्या दिसत होत्या. लेख रशियन भाषेत, रशियन नियतकालिकात छापला गेला. तो शीतयुद्धाचा काळ. पश्चिमेकडच्या प्रयोगशाळांत तो वाचणारे थोडेच होते. पुढे २००६ मध्ये मार्क मॉन्थ्यू आणि व्लादिमीर कुझनेत्सोव्ह यांनी ‘कार्बन’ या नियतकालिकाच्या संपादकीयात शोधाचं श्रेय नेमकं कुणाचं हा प्रश्न उघडपणे विचारला आणि या रशियन लेखाला त्याची जागा मिळवून दिली.

नळी दिसली, पण तयार झालेली दिसली. ती वाढताना कशी दिसते? त्यासाठी इंग्लंडमधल्या हारवेलला जावं लागतं. हारवेल ही ब्रिटनच्या अणुऊर्जा संशोधनाची मोठी संस्था. ब्रिटनच्या अणुभट्ट्या कार्बन डायऑक्साइड वायूने थंड ठेवल्या जात. त्या वायूमुळे भट्टीतलं ग्राफाइट झिजू नये म्हणून त्यात थोडा मिथेन मिसळला की इंधनाच्या पोलादी नळ्यांवर कार्बन बसायचा आणि उष्णता बाहेर काढणं अवघड व्हायचं. लोखंड आणि निकेल असलेल्या पृष्ठभागावर कार्बन का बसतो, हा तिथे चर्चेपुरता प्रश्न नव्हता.

हारवेलला टेरी बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं ते त्या काळात धाडसाचं होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला आत निर्वात लागतो. वायू शिरला की इलेक्ट्रॉन विखुरतात आणि चित्र मरतं. त्यांनी नमुन्याभोवती एक छोटी कोठडी बसवली, तिच्यात वायू सोडायची सोय केली आणि नमुना तापवायचीही. आधारावर निकेलचा पातळ थर चढवला. तापवल्यावर तो फुटून त्याचे थेंबासारखे कण झाले. मग ॲसिटिलिन सोडला. काही कणांनी जागा सोडली आणि मागे काळी शेपटी ओढत ते पडद्यावरून सरकू लागले. कण पुढे, धागा मागे. लहान कण भरभर जात होते, मोठे रेंगाळत होते. एखादा कण अचानक थांबायचा. बघावं तर त्याच्या अंगावर सगळीकडून कार्बनचा लेप चढलेला असायचा. लेप चढला की कण मेला, धाग्याची वाढ संपली.

बेकर यांनी केवळ चित्रं काढली नाहीत, वेगही मोजला. तापमानानुसार वेग कसा बदलतो यावरून त्यांनी या क्रियेला लागणारी ऊर्जा काढली. ती मोलला सुमारे १४५ किलोज्यूल आली, आणि निकेलच्या पोटातून कार्बन पाझरायला लागणारी ऊर्जा जवळपास तेवढीच होती. १९७२ मधल्या त्यांच्या लेखातलं चित्र यातून तयार झालं. कणाच्या एका बाजूला वायू फुटतो, कार्बन धातूत विरघळतो, पोटातून आरपार जातो आणि दुसऱ्या बाजूने ग्राफाइट होऊन बाहेर पडतो. कार्बनला आरपार ढकलतं कोण? बेकर यांचं उत्तर होतं, उष्णता. ॲसिटिलिन फुटताना उष्णता सुटते, म्हणून कणाची पुढची बाजू गरम आणि मागची थंड राहते. गरम बाजूला कार्बन जास्त विरघळतो, थंड बाजूला बाहेर टाकला जातो.

युक्तिवाद देखणा होता, पण लंगडा. मिथेन फुटताना उष्णता सुटत नाही, उलट लागते. तरी मिथेनवर धागे वाढतात. अशा अपवादांमुळे तापमानाच्या फरकाची बाजू मागे पडली आणि दोन्ही बाजूंच्या कार्बनच्या प्रमाणातल्या फरकाची पुढे आली. डेन्मार्कच्या हाल्डोर टॉप्सो कंपनीतले येन्स रोस्ट्रुप-निल्सन आणि त्यांचे सहकारी ट्रिम यांचा १९७७ मधला लेख याच दिशेने जातो. टॉप्सो कंपनीचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

सत्तरच्या दशकात नळीचा अगदी पातळ गाभाही दिसला होता. जपानहून फ्रान्समधल्या ऑर्लेआँला आलेले मोरिनोबू एंडो, तिथल्या ॲग्नेस ओबेर्लिन आणि कोयामा यांनी १९७६ मध्ये बेंझिनपासून काढलेल्या तंतूंची छायाचित्रं छापली. त्यातल्या काही नळ्या काही मोजक्या नॅनोमीटरच्या होत्या. १९८७ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड टेनंट यांच्या नावावर हायपेरियन कॅटालिसिस कंपनीने अशाच पोकळ कार्बन तंतूंचं पेटंट घेतलं. म्हणजे चर्चा नव्हती, पण व्यापार सुरू झाला होता.

मग १९९१ उजाडलं आणि गाडी भलत्याच रुळावर गेली.

त्सुकुबामधल्या एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले पट्टीचे जाणकार होते. दोन ग्राफाइट दांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवून साठ अणूंचे कार्बन गोळे, म्हणजे फुलरीन, काढायची पद्धत तेव्हा नुकतीच रूढ झाली होती. काजळीतले गोळे सगळ्यांना हवे होते. इजिमा यांनी दांडीच्या टोकावर उरणारी खरड पाहिली. ती नागोयाच्या मेइजो विद्यापीठातल्या योशिनोरी आंदो यांच्याकडची होती. तिच्यात एकात एक बसवलेल्या, दोन ते पन्नास भिंतींच्या, अतिशय सुबक नळ्या होत्या. ७ नोव्हेंबर १९९१ च्या ‘नेचर’मध्ये लेख आला आणि जगभर झुंबड उडाली. या नळ्यांना धातूचा कण लागलाच नव्हता. त्यामुळे चाळीस वर्षं विटा-भट्ट्यांवाल्यांनी जमवलेलं ज्ञान एका फटक्यात बाजूला पडलं. नवीन आलेल्या अनेक पदार्थवैज्ञानिकांना बेकर यांचं नाव माहीत नव्हतं.

धातू परत आला तो दोनच वर्षांनी आणि एकाच दिवशी दोन दारांतून. १७ जून १९९३ च्या ‘नेचर’मध्ये पाठोपाठच्या पानांवर दोन लेख छापले गेले. एक इजिमा आणि इचिहाशी यांचा, दुसरा कॅलिफोर्नियातल्या आयबीएमच्या आल्माडेन प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड बेथ्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. इजिमांनी ठिणगीत लोखंड घातलं होतं, बेथ्यून यांनी कोबाल्ट. आयबीएमच्या मंडळींना खरं तर नळ्या नकोच होत्या. कार्बनच्या पिंजऱ्यात चुंबकीय धातू कोंडता येतो का ते त्यांना पाहायचं होतं. कोळिष्टकासारखी काजळी हाती लागली आणि तिच्यात एकाच भिंतीच्या, सुमारे १.२ नॅनोमीटर जाडीच्या नळ्या निघाल्या. धातू घातला तर एकभिंती नळी, नाही घातला तर नाही. म्हणजे सगळं मर्म कणातच होतं.

आता मात्र प्रश्न बदलला. बेकर यांच्या जाड धाग्यासाठी ‘कार्बन आत जातो, बाहेर पडतो’ एवढं पुरे होतं. एका अणूच्या जाडीची भिंत, तीही बिनसांध्याची, गोल. तिचा पहिला अणू कुठे बसतो, दुसरा कुठे? सपाट पत्र्याची नळी होते कशी?

याचं सर्वात मार्मिक उत्तर ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉली यांच्या गटाने दिलं. १९९६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी स्मॉली यांना फुलरीनसाठी नोबेल मिळालं त्याच वर्षी, त्यांच्या गटाने एक सोडून दोन कल्पना मांडल्या. पहिलीचं नाव ‘स्कूटर’. नळीच्या उघड्या तोंडावर धातूचा एकच अणू कडेकडेने फिरत राहतो आणि येणारे कार्बन जागेवर बसवत जातो, असं तिचं म्हणणं. दुसरीचं नाव ‘यार्मुल्का’, म्हणजे ज्यू पुरुष टाळूवर घालतात ती छोटी गोल टोपी. दुसरीच टिकली.

टोपीचा हिशेब असा आहे. धातूच्या कणावर कार्बन अणू जमू लागले की आपसांत जुळून ते षटकोनांची जाळी विणतात. जाळीच्या मधल्या अणूंचे सगळे बंध भागलेले असतात, कडेच्या अणूंचे हात मात्र मोकळे राहतात. असे मोकळे हात ठेवणं ऊर्जेच्या दृष्टीने महाग. कडेचे अणू धातूला चिकटले तर ते स्वस्त पडतं. म्हणून जाळी कणाच्या गोलाईवर बसते आणि कडा धातूत रुतवते. निव्वळ षटकोनांची जाळी सपाटच राहणार. तिला घुमटाचा आकार द्यायचा तर मध्ये पंचकोन हवेत, आणि अर्ध्या गोलाला बरोबर सहाच लागतात. अठराव्या शतकातल्या ऑइलरच्या सूत्रातून येणारा हा आकडा, तो निसर्गालाही मोडता येत नाही. सहावा पंचकोन बसला की टोपी पुरी झाली. यापुढे येणाऱ्या कार्बनला दोनच वाटा उरतात. एक, टोपीच्या खाली दुसरी टोपी विणायची किंवा संपूर्ण कणाला गुंडाळायचं. दुसरी, टोपीच्या कडेला जोडलं जायचं आणि ती वर उचलायची. कण मोठा असेल तर पहिली वाट सोपी, आणि हारवेलला दिसलेल्या मेलेल्या कणांचं ते कारण. कण एक-दोन नॅनोमीटरचा असेल तर आणखी वाकलेली आतली टोपी विणणं फारच महाग. मग टोपी उचलली जाते आणि तिच्या मागे भिंत वाढत जाते. नळीचा जन्म म्हणायचा तो याच क्षणी.

टोपी कुणी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. कण या वेळी कशा अवस्थेत असतो हेही कुणाला माहीत नव्हतं. बहुतेकांनी गृहीत धरलं की तो वितळलेला असतो. त्याचं मूळ अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत होतं. १९६४ मध्ये वॅग्नर आणि एलिस यांनी सोन्याच्या थेंबावर सिलिकॉनच्या सळ्या वाढवल्या होत्या. वायूतून सिलिकॉन थेंबात शिरतो, थेंब संपृक्त होतो, खाली घन सळी उगवते. हाच नमुना नव्वदच्या दशकात नॅनोट्यूबांना जसाच्या तसा चिकटवला गेला. सहाशे अंशांवर लोखंड कसं वितळेल, ते तर १५३८ अंशांना वितळतं? उत्तर तयार होतं: कण अगदी लहान असला आणि त्यात कार्बन मुरला की वितळणबिंदू खाली येतो. खोटं नव्हतं, पण किती खाली येतो याचा पुरावा फारसा कुणी मागितला नाही.

पुरावा आला तो टॉप्सो कंपनीतून. ही डॅनिश कंपनी अमोनिया आणि हायड्रोजन कारखान्यांना निकेलचे उत्प्रेरक पुरवते. भारतातल्या कित्येक खत कारखान्यांत तिचं तंत्रज्ञान आहे. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढताना उत्प्रेरकाच्या गोळ्यांवर कार्बनचे धागे वाढले तर ते निकेलचे कण उपटून काढतात, गोळ्यांचा भुगा होतो, नळ्या तुंबतात आणि कारखाना बंद ठेवावा लागतो. १९५३ मधल्या विटेचीच ही कथा, वेगळ्या भट्टीत. त्या धाग्याची सुरुवात अणूच्या पातळीवर पाहायला कंपनीने पैसे घालावेत यात नवल नव्हतं.

स्टिग हेल्व्हेग आणि सहकाऱ्यांचा लेख जानेवारी २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. सूक्ष्मदर्शकात पाचशे-साडेपाचशे अंशांवर निकेलचे ५ ते २० नॅनोमीटरचे कण आणि भोवती अगदी विरळ दाबाचा मिथेन-हायड्रोजन वायू अशी मांडणी होती. चित्रफितीत निकेलचे अणूंचे थर ओळीने दिसत होते. म्हणजे कण घन, स्फटिकरूप होता. मात्र तो दगडासारखा बसून नव्हता. त्याच्या अंगावर एका अणूच्या उंचीच्या पायऱ्या तयार होत होत्या आणि प्रत्येक पायरीच्या कडेला ग्राफाइटचा पत्रा जन्म घेत होता. पायरी पुढे सरके तसा पत्रा लांब होई. कण वाढत्या नळीच्या आत खेचला जात लांबट होई, रुंदीच्या चौपटीपर्यंत. मग ताणलेलं रबर सोडावं तसा अर्ध्या सेकंदाच्या आत आकसून पुन्हा गोल होई. थोडा वेळ जाई आणि परत तेच. प्रत्येक आकुंचनाबरोबर नळीत एक गाठ राहून जाई, त्यामुळे नळी बांबूसारखी दिसे.

या फितीने दोन समजुती खिळखिळ्या केल्या. कण वितळायलाच हवा असं नाही, ही एक. दुसरी बेकर यांच्या काळापासूनची, कार्बन कणाच्या पोटातूनच जातो ही. हेल्व्हेग यांच्या गटातल्या सैद्धांतिकांच्या गणितानुसार कार्बन आणि निकेलचे अणू पृष्ठभागावरून, पत्रा आणि धातू यांच्या फटीतून वाहतात. बेकर यांच्या ऊर्जेच्या आकड्याचं मग काय? तो चुकीचा ठरला नाही. एकच आकडा दोन वेगळ्या वाटांनी येऊ शकतो, एवढंच त्यातून उघड झालं. आजही ‘पोटातून’ आणि ‘अंगावरून’ असे दोन पक्ष आहेत आणि धातू, वायू, तापमान बदललं की पारडंही बदलतं. एकच नियम सगळ्या कणांना लावायचा हट्ट या विषयात फार वर्षं चालला, आणि त्यात बराच वेळ गेला असं म्हणायला हरकत नाही.

हेल्व्हेग यांचे धागे अनेक भिंतींचे होते. एकभिंती नळीची टोपी पाहायला आणखी तीन वर्षं लागली. केंब्रिजचे स्टेफान हॉफमन आणि जॉन रॉबर्टसन, ॲरिझोनाच्या रेणू शर्मा आणि इतर अनेकांनी २००७ मध्ये निकेलवर ती उचलली जाताना टिपली. त्यांच्या चित्रांत कण टोपीशी जुळवून घेत स्वतःचा आकार बदलत होता. टोपी आणि कण दोघेही एकमेकांना घडवत होते. लगेच पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, ओसाका विद्यापीठातले हिदेतो योशिदा आणि सेइजी ताकेदा यांनी लोखंडावर तोच प्रयोग केला. सहाशे अंश, ॲसिटिलिन आणि अणूंच्या ओळींमधलं अंतर मोजण्याइतकं स्वच्छ चित्र. ते अंतर शुद्ध लोखंडाशी जुळेना. जुळलं ते सिमेंटाइटशी, म्हणजे तीन लोह अणूंमागे एक कार्बन असलेल्या लोह कार्बाइडशी. डेव्हिस, स्लॉसन आणि रिग्बी यांच्या ‘किंवा’ला उत्तर मिळालं. ते निम्मंच होतं, कारण पुढे २०१२ पर्यंत शुद्ध लोखंडाच्या कणांवरूनही नळ्या वाढताना दिसल्या. परिस्थितीनुसार दोन्ही चालतात.

सिमेंटाइटचं नाव निघालं की दमास्कसच्या तलवारीची गोष्ट हमखास निघते, विशेषतः आपल्याकडे. ड्रेस्डेनच्या पेटर पाउफ्लर यांच्या गटाने २००६ मध्ये बर्नच्या ऐतिहासिक संग्रहालयातल्या, सतराव्या शतकातल्या असदुल्लाच्या तलवारीचा तुकडा आम्लात विरघळवला आणि सिमेंटाइटच्या सूक्ष्म तारांभोवती कार्बनच्या नळ्या दिसल्याचं सांगितलं. अशा तलवारींचं वूट्झ पोलाद हिंदुस्थानातून जाई. तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक नामांकित गाव होतं. निरीक्षण रंजक आहे, त्यावर तज्ज्ञांत मतभेदही आहेत. पण त्यावरून ‘आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्र अवगत होतं’ असे जे संदेश फिरतात त्यांना काही अर्थ नाही. लोहाराला पोलादाचा रंग, आवाज आणि धार कळत होती, ती कमी थोर विद्या नव्हे. नळ्या त्याच्या नकळत झाल्या असतील तर तशा त्या झोतभट्टीच्या विटेतही झाल्या.

आणखी एक धक्का सोन्याने दिला. सोनं, चांदी, तांबं यांच्यात कार्बन जवळपास विरघळतच नाही, म्हणून ते उत्प्रेरक म्हणून बाद समजले जात. योशिकाझू होम्मा यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की कण पाच नॅनोमीटरच्या आत आणला तर त्यांच्यावरूनही एकभिंती नळ्या वाढतात. म्हणजे धातूचं रसायन महत्त्वाचं खरं, पण टोपीला बसायला योग्य गोलाई मिळणं हेही तितकंच महत्त्वाचं.

ही समज हळूहळू व्यवहारातही उतरली. त्सुकुबातल्या एआयएसटी संस्थेत केंजी हाता यांनी २००४ मध्ये वायूत पाण्याच्या वाफेचा अगदी अल्प अंश मिसळला. कणांवर चढणारा कार्बनचा लेप वाफेने जाळून टाकला, कण मरायचे थांबले आणि दहा मिनिटांत अडीच मिलिमीटर उंचीचं नळ्यांचं रान उभं राहिलं. बेकर यांनी तीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या मरणावरचा हा उतारा होता. कार्बन कुठला घ्यायचा यावरही प्रयोग झाले. पवईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन यांनी कापरापासून नॅनोकार्बन काढायला सुरुवात केली. पुढे मुकुल कुमार यांनी नागोयाला, त्याच योशिनोरी आंदो यांच्याबरोबर, २००३ मध्ये कापूर आणि फेरोसिन एकत्र तापवून ओळीने उभ्या नळ्या काढल्या. फेरोसिन फुटून लोखंडाचे कण देतं, कापूर कार्बन देतो.

एवढं कळल्यावर खरा लोभ सुटला तो नळीची जात ठरवण्याचा. जाळी कोणत्या कोनात गुंडाळली गेली यावर नळी धातूसारखी वीज वाहणार की अर्धवाहक होणार हे ठरतं. हा कोन म्हणजे कायरॅलिटी. साध्या पद्धतीत साधारण एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक निघतात. ट्रान्झिस्टरला धातूसारखी एकही नको. कोन ठरतो टोपी बसते त्या क्षणी, पुढे तो सहसा बदलत नाही. कण वितळलेला असता तर त्याला ठरावीक चेहरा नसता आणि टोपी हवी तशी बसली असती. घन स्फटिकाला मात्र ठरावीक पैलू असतात. बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातल्या यान ली यांच्या गटाने हाच धागा पकडला. टंगस्टन-कोबाल्टचा, हजार अंशांच्या वरही वितळत नाही असा संयुग-स्फटिक त्यांनी कण म्हणून वापरला आणि २०१४ मध्ये (१२,६) या एकाच जातीच्या नळ्या ९२ टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिळाल्याचं ‘नेचर’मध्ये सांगितलं. मात्र ही जात धातूसारखी, ट्रान्झिस्टरला निरुपयोगी.

शोधाचं श्रेय मात्र अजूनही प्रामुख्याने १९९१ लाच दिलं जातं. २००८ मध्ये नॅनोविज्ञानाचा पहिला काव्हली पुरस्कार इजिमा यांना लुई ब्रूस यांच्यासह मिळाला. तो त्यांच्या तोडीच्या सूक्ष्मदर्शकाच्या जाणकाराला शोभतोच. पण ‘नळी सुरू कशी होते’ याचं श्रेय वाटायचं झालं तर ते स्टोकच्या विटावाल्यांना, हारवेलला आणि टॉप्सोच्या कारखान्याला आधी द्यावं लागेल. ठरवून शोधणाऱ्यांपेक्षा त्रासलेल्यांनी इथे जास्त पाहिलं.

२०१९ मध्ये एमआयटीच्या मॅक्स शुलेकर यांच्या गटाने नॅनोट्यूबांच्या चौदा हजारांहून अधिक ट्रान्झिस्टरांचा सोळा-बिटी प्रोसेसर चालवून दाखवला. त्यातल्या अर्धवाहक नळ्या जात ठरवून वाढवलेल्या नव्हत्या. सरमिसळ वाढवून नंतर द्रावणात वेगळ्या केलेल्या होत्या.